मुलं तेवढी येऊ द्या

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जर्मनी-ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुष पकडून छळछावण्यांत टाकले गेले. १५ तारखेला ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांना भेटलं. त्यांची मागणी एकच होती : मुलं तेवढी येऊ द्या. चेंबरलेन यांनी ऐकून घेतलं, शब्द दिला नाही.

मागणी जाणूनबुजून लहान ठेवली होती. ब्रिटनमध्ये बेकारी होती, मोठी माणसं आली की नोकऱ्या जातील अशी ओरड होती. मूल कुणाची नोकरी हिसकावत नाही. हे व्यवहारचातुर्यच, पण त्या चातुर्याचा हिशेब नंतर आई-बापांच्या जिवाने चुकता झाला, हेही सांगायला हवं.

प्रश्न असा होता, की जर्मनीतल्या आया पोटची पोरं एकटी परदेशी धाडतील का? हे पाहायला तिथे जायचं कुणी? ब्रिटिश ज्यूंनी जाणं धोक्याचं होतं. म्हणून ते काम क्वेकरांकडे आलं. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला मूठभरांचा पंथ. पाद्री नाही, कर्मकांड नाही, एकत्र बसून मौनात प्रार्थना करायची, आणि युद्धाला ठाम नकार. पहिल्या महायुद्धानंतर उपासमार झाली तेव्हा याच लोकांनी हरलेल्या जर्मनीतल्या लाखो मुलांना रोज जेवू घातलं होतं. ती जाण जर्मनीत अजून शिल्लक होती. ज्या दारातून ज्यूला जाता येत नव्हतं, तिथे क्वेकराला निदान उंबरा तरी ओलांडता येत होता. बर्लिनमधला ज्यू उद्योगपती विल्फ्रिड इस्रायल याने त्यांच्या गाठीभेटींची सोय केली.

पाहणी करून आलेल्यांत बेन ग्रीन होता, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनचा चुलतभाऊ. (फॅसिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून पुढे १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यालाच स्थानबद्ध केलं. माणसं सरळ रेषेत बसत नाहीत.) २१ नोव्हेंबरला क्वेकर कार्यकर्त्या बर्था ब्रेसी, ग्रीन आणि ज्यू नेते लॉर्ड सॅम्युएल असे सगळे मिळून गृहमंत्री सॅम्युएल होअर यांच्याकडे गेले. होअर यांचं घराणं मूळचं क्वेकर. त्याच रात्री संसदेत फिलिप नोएल-बेकर या क्वेकर खासदाराने चर्चेला तोंड फोडलं आणि होअर यांनी परवानगी जाहीर केली. एक क्वेकर आपल्याला सांगून गेला, की जवळजवळ सगळेच ज्यू पालक ताटातूट सोसायला तयार आहेत, हे त्यांनी सभागृहात सांगितलं.

परवानगी मिळाली ती अटींसह. मूल १७ वर्षांखालचं हवं, मुक्काम तात्पुरता, आणि सरकारी तिजोरीतून छदाम मिळणार नाही. पुढे तर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली गेली. माजी पंतप्रधान बाल्डविन यांनी डिसेंबरात रेडिओवरून आवाहन केलं आणि त्यांच्या निधीत सुमारे पाच लाख पौंड जमले. जर्मनी-ऑस्ट्रियात कोणत्या मुलांना आधी पाठवायचं याच्या याद्या तिथल्या ज्यू संस्था करत. जन्माने ज्यू ठरवलेल्या ख्रिस्ती मुलांची यादी क्वेकर आणि इतर ख्रिस्ती मंडळी करत. २ डिसेंबरला हार्विच बंदरात पहिली सुमारे २०० मुलं उतरली. व्हिएन्नात ट्रूस विसमुलर ही डच बाई थेट नाझी अधिकारी आइकमनसमोर जाऊन उभी राहिली, आणि १० डिसेंबरला तिथून एकाच गाडीने ६०० मुलं निघाली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं ब्रिटनमध्ये पोचली होती. हजारोंना आई-बाप पुन्हा दिसले नाहीत.

खरी कसोटी लागली ती नंतर. ज्यू घरं पुरेनात, म्हणून कित्येक मुलं ख्रिस्ती घरांत गेली. त्या घरांनी जीव लावला. काहींनी मुलांना चर्चमध्येही नेलं. सनातनी ज्यूंना वाटलं, हिटलरपासून वाचलेलं मूल आपल्यापासून दुरावतंय. धर्मगुरू सॉलोमन शॉनफेल्ड यांनी आपली वेगळी फळी उभारली, आणि १९४४ मध्ये सनातनी मंडळींनी मुलं आणणाऱ्या या चळवळीवर टीका करणारी पुस्तिकाच काढली. त्याच वर्षी कायदा होऊन चळवळीचे अध्यक्ष लॉर्ड गोरेल हे या मुलांचे पालक ठरले, म्हणजे शेकडो ज्यू मुलांचा पालक एक ख्रिस्ती उमराव! माझ्या मते या तक्रारीत तथ्य होतं. पण १९३८ च्या नोव्हेंबरात मुलांच्या धर्माचा निवाडा आधी करायचा ठरवलं असतं, तर वाद घालायला मुलंच उरली नसती.

ज्यू आणि ख्रिस्ती मंडळींची हीच युती अमेरिकेत हरली. १९३९ मध्ये सिनेटर वॅग्नर आणि काँग्रेस सदस्य एडिथ रॉजर्स यांनी दोन वर्षांत २०,००० मुलांना प्रवेश देणारं विधेयक आणलं. क्वेकर, प्रोटेस्टंट पाद्री, शिकागोचे कॅथलिक कार्डिनल मुंडेलाइन आणि ज्यू संस्था, सगळे पाठीशी होते. ‘आधी आपली मुलं’ म्हणणारे मात्र अधिक जोरात ओरडले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या विषयावरच्या टिपणावर ‘फाइल करा, कार्यवाही नको’ असा शेरा मारला आणि विधेयक बारगळलं. लंडनमध्ये सगळे धर्म एकवटले आणि गृहमंत्रीही राजी झाला. वॉशिंग्टनमध्ये राजी होणारा कुणी निघाला नाही. सर्वधर्मीय व्यासपीठांचं कौतुक करताना आपण हा फरक विसरतो.

१९३९ मध्ये प्रागहून निघालेल्या अशाच एका गाडीत सहा वर्षांचा अल्फ डब्स होता. लॉर्ड झाल्यावर २०१६ मध्ये त्याने युरोपात एकट्या पडलेल्या ३,००० निर्वासित मुलांना ब्रिटनमध्ये घ्यावं अशी कायद्यातली दुरुस्ती मांडली. तिच्या मागे ज्यू धर्मगुरू हॅरी जेकोबी उभे राहिले. तेही १९४० च्या मे महिन्यात हॉलंडहून सुटलेल्या शेवटच्या बोटीतून आलेले. बिशपांनीही तिला पाठिंबा दिला. संसदेने दुरुस्ती मान्य केली ती ३,००० हा आकडा वगळून. सरकारने पुढे ४८० ची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये तेवढी मुलं आणून योजना बंद केली.