स्वातंत्र्यासाठीचं युद्ध आणि काटेरी तारेमागचे नागरिक

ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलच्या गर्दीत ऐकताना ज्यांची नावं आणि तारखा निसटल्या, त्यांच्यासाठी खास. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे.

आजचा प्रश्न असा आहे: एखादा देश जगाला सांगतो की आम्ही स्वातंत्र्यासाठी लढतोय. मग त्याच देशातल्या अल्पसंख्याकांच्या वाट्याला ते स्वातंत्र्य येतं का? उत्तर शोधायला आपण जाणार आहोत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेत.

चार स्वातंत्र्यं आणि एक आदेश

६ जानेवारी १९४१. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट संसदेसमोर भाषण करतात. जगातल्या प्रत्येक माणसाला चार स्वातंत्र्यं मिळायला हवीत, असं ते म्हणतात: बोलण्याचं, उपासनेचं, अभावापासून मुक्तीचं आणि भीतीपासून मुक्तीचं. पुढे या चार कल्पनांवर नॉर्मन रॉकवेलने चित्रं काढली आणि ती दाखवून युद्धकर्जाचे रोखे विकले गेले. म्हणजे ही चार स्वातंत्र्यं त्या युद्धाची जणू जाहिरातच होती.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. आणि १९ फेब्रुवारी १९४२ ला याच रूझवेल्टनी सही केली आदेश क्रमांक ९०६६ वर. गंमत बघा, त्या आदेशात ‘जपानी’ हा शब्दच नाही. लष्कर ठरवेल त्या भागातून, ठरवेल त्या माणसांना बाहेर काढता येईल, एवढंच म्हटलंय. पण पश्चिम किनाऱ्याचे लष्करी प्रमुख जनरल डेविट यांनी तो सरसकट वापरला तो जपानी वंशाच्या लोकांवर.

किती लोक? सुमारे १ लाख २० हजार. त्यातले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे कायद्याने पूर्ण अमेरिकन नागरिक. उरलेले त्यांचे आईवडील. ते ‘परदेशी’ राहिले, कारण आशियातून आलेल्यांना नागरिकत्व द्यायचंच नाही असा तिथला कायदा होता. हा नियम आपल्या लोकांनाही लागू होता बरं का. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने याच कारणासाठी नागरिकत्व नाकारलं होतं.

हातात मावेल तेवढंच सामान

खांबांवर नोटिसा लागल्या. वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावरच्या लोकांना फक्त सहा दिवस मिळाले. उचलता येईल तेवढंच सामान न्यायचं. दुकानं, शेतं, बोटी, गाड्या मिळेल त्या भावाला विकल्या गेल्या.

ऑकलंडमध्ये एका दुकानावर मालकाने पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी मोठी पाटी लावली होती: ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अमेरिकन’. छायाचित्रकार डोरोथिया लँगने टिपलेला तो फोटो नक्की शोधून बघा. तिला सरकारनेच हे स्थलांतर टिपायला नेमलं होतं. पण तिचे फोटो लष्कराने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले.

लोकांना आधी ठेवलं रेसकोर्सवर. सांता अनिता आणि टॅनफोरान इथे कित्येक कुटुंबं घोड्यांच्या तबेल्यात राहिली. मग वाळवंटात आणि दलदलीत उभारलेल्या दहा छावण्यांमध्ये रवानगी झाली. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, एका खोलीत एक कुटुंब. कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत तर अनाथाश्रमही होता. आता अनाथ पोरांपासून देशाला कसला धोका, हा प्रश्न तुम्हीच विचारा.

जर्मन आणि इटालियन वंशाच्या लोकांचं काय? त्यांच्यातल्याही काहींना ताब्यात घेतलं, पण सहसा माणूस बघून. किनाऱ्यावरून अख्खा समाज उचलला नाही. आणि हवाई बेटं, जिथे खुद्द हल्ला झाला? तिथे लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा जपानी वंशाचा होता. त्यांना हलवलं असतं तर बेटांचं कामकाजच ठप्प झालं असतं. म्हणून तिथे सरसकट कैद झाली नाही. धोका खरंच वंशामुळे असता, तर तो सगळ्यात जास्त तिथेच असायला हवा होता ना?

निष्ठेची परीक्षा

१९४३ मध्ये छावण्यांत एक प्रश्नावली वाटली गेली. प्रश्न २७: सैन्यात जाल का? प्रश्न २८: अमेरिकेशी पूर्ण निष्ठा ठेवून जपानी सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल का? वृद्ध आईवडिलांची पंचाईत झाली. अमेरिका नागरिकत्व देत नाही, आणि जपान सोडला तर कुठल्याच देशाचे नाही. तरुणांना वाटलं, सम्राटाशी निष्ठा कधी नव्हतीच, तर ती सोडायची कशी?

तरीही हजारो तरुण सैन्यात गेले. ‘गो फॉर ब्रोक’ हे ब्रीद असलेली त्यांची ४४२ वी रेजिमेंट युरोपात लढली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या जंगलात जर्मनांनी वेढलेल्या टेक्सासच्या तुकडीतले २११ सैनिक त्यांनी सोडवले. त्यासाठी मेलेले आणि जखमी झालेले मिळून सुमारे ८०० जणांची किंमत मोजली. मुलगा युद्धात गेल्याची बातमी काही आईवडिलांना तारेच्या आतच कळली.

हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी दुसरी वाट धरली. आधी आमचे नागरी हक्क द्या, मग सैन्यात येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी ती माफ केली. माझ्या मते हे दोन्ही गट एकच गोष्ट मागत होते: जे भाषणात सांगितलं, ते आम्हालाही लागू करा.

कोर्टात काय झालं?

फ्रेड कोरेमात्सू हा वेल्डिंगचं काम करणारा तरुण घर सोडून गेलाच नाही. पकडला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि डिसेंबर १९४४ मध्ये ६ विरुद्ध ३ असा हरला. विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींपैकी रॉबर्ट जॅक्सन यांनी बजावलं की हे तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, पुढे कुणीही निकडीचं कारण सांगून ती उचलेल.

जवळपास चाळीस वर्षांनी जुनी कागदपत्रं सापडली. किनाऱ्यावरून शत्रूच्या जहाजांना इशारे दिले जातात, हा लष्कराचा दावा सरकारच्याच तपास यंत्रणांनी खोडून काढला होता, आणि हे न्यायालयापासून लपवलं गेलं होतं! १९८३ मध्ये कोरेमात्सू यांची शिक्षा रद्द झाली. सरकारी चौकशी आयोगाने कारणं सांगितली ती तीन: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. १९८८ मध्ये कायदा करून सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले. तोवर बरेचजण वारले होते.

आणि आपण?

हा विरोधाभास तेव्हाही दिसत होता. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी रूझवेल्टना पत्र लिहिलं: भारत आणि आफ्रिका ब्रिटनच्या तावडीत असताना आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा प्रश्न असताना, स्वातंत्र्यासाठी लढतोय ही घोषणा पोकळ वाटते. पुढच्याच महिन्यात मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली.

पण आरसा आपल्याकडेही वळवू. १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम आणि दार्जिलिंगसारख्या भागांतून चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना राजस्थानातल्या देवळी छावणीत नेलं गेलं. खटला नाही, आरोप नाही. कित्येकजण भारतातच जन्मलेले होते. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. आणि ही तीच देवळी, जिथे १९४१ मध्ये इंग्रजांच्या कैदेत जयप्रकाश नारायण यांनी उपोषण केलं होतं. अमेरिकेने निदान माफी मागितली. देवळीच्या लोकांना आपल्या सरकारची अधिकृत माफी अजून मिळालेली नाही.

तर पुढच्या वेळी ‘देशाच्या सुरक्षेसाठी’ अमुक समाजावर कारवाई करा, असा फॉरवर्ड आला की तीन प्रश्न विचारा. कारवाई माणसाने केलेल्या कृत्यावर आहे की त्याच्या जन्मावर? पुरावा कुणी तपासला? आणि ही कारवाई संपणार कधी? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका.

आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!