कापलेली चौदा मिनिटं

जुना चित्रपट दुरुस्त होऊन थिएटरात परतला की जाहिरातीत पहिला मान ‘४के’ला मिळतो. रंग उजळले, ओरखडे गेले, आवाज स्वच्छ झाला. चेन काइगे यांच्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ या १९९३ सालच्या चिनी चित्रपटाच्या बाबतीत मात्र जास्त मोलाची आहे ती त्याची लांबी. कान महोत्सवात ‘द पियानो’सोबत पाम दोर विभागून घेणारा हा चित्रपट १७१ मिनिटांचा. अमेरिकेत मिरामॅक्स या वितरक कंपनीने तो दाखवला तो सुमारे १४ मिनिटं कापून. चीनमध्ये तर तो आधी पडद्यावरून उतरवला गेला आणि मग कात्री लागून पुन्हा झळकला. तिशीच्या निमित्ताने २०२३ मध्ये नवी प्रत अमेरिकेतल्या थिएटरांत लागली ती अखंड, आणि या पुनरागमनाचं महत्त्व त्यात आहे.

लांबीचा एवढा आग्रह कशासाठी? हा चित्रपट पुनरावृत्तीवर उभा आहे म्हणून. १९२४ ते १९७७ या काळातली ही बीजिंगच्या दोन ऑपेरा नटांची गोष्ट. रंगमंचावर श्याओलौ राजा शिआंग यू होतो आणि दिएयी त्याची उपपत्नी यू जी. पुरुषाने स्त्रीभूमिकेत आयुष्य घालवणं म्हणजे काय, हे बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. इथे मात्र ती भूमिका मारझोड करून मुलावर लादली जाते. रंगमंचावरचं नाटक तेच राहतं, समोरचे प्रेक्षक बदलत जातात. श्याओलौच्या सुटकेसाठी दिएयी जपानी अधिकाऱ्यांपुढे गातो. जपानी गेल्यावर राष्ट्रवादी सैनिक येतात आणि नटांच्या तोंडावर टॉर्च मारतात. असं तर जपान्यांनीही केलं नव्हतं, असं श्याओलौ त्यांना सुनावतो आणि मारामारी पेटते. मग कम्युनिस्ट सैनिकांसमोर दिएयीचा आवाज फाटतो. ते टाळ्या वाजवतात आणि आपलं गाणं म्हणू लागतात. सत्ता पालटली म्हणजे कलावंताचं नेमकं काय बदललं, हे या प्रसंगांच्या तुलनेतूनच कळतं. एक प्रसंग आखडला की दुसऱ्याचं वजन घटतं.

सांस्कृतिक क्रांतीतला प्रसंगही तसाच. रंग फासलेल्या चेहऱ्यांनी नटांना जाळासमोर गुडघ्यांवर बसवलं जातं, आणि जिवाच्या भीतीने श्याओलौ आधी दिएयीला आणि मग स्वतःच्या बायकोला, जुश्यानला, तोंडघशी पाडतो. सुरुवातीला लहानपणीची तालीम, छड्या, एकमेकांना सावरणं हे सावकाश पाहिलेलं असतं, म्हणूनच हे बघवत नाही. चेन काइगेंनी स्वतः किशोरवयात, त्याच काळात, आपल्या वडिलांचा जाहीर निषेध केला होता. वडील चेन ह्वाइकाई हेही दिग्दर्शक, आणि या चित्रपटाचे कला-सल्लागार.

यावर आक्षेप येतो की पूर्ण प्रत डीव्हीडीवर कधीच आली होती; तिकीट काढून जायचं कशाला? पण घरी तीन तास सलग बसणारे किती? आपण थांबवतो, पुढे सरकवतो, म्हणजे कापण्याचं काम स्वतःच करतो. थिएटरात ती मुभा नसते, आणि या कथेला तेच हवं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डिजिटल दुरुस्तीत रंगांचा निर्णय कुणीतरी आज घेतलेला असतो, तेव्हा हीच मूळ प्रत कशी म्हणायची? तंतोतंत मूळ ती नाहीच, हे मान्य करायला हवं. तरीही रंगाची छटा थोडी सरकली म्हणून कथेचा सांधा निखळत नाही. गाळलेल्या मिनिटांनी तो निखळतो.

आणखी एक टीका जुनीच आहे. दिएयीचं पुरुषावरचं प्रेम हा लहानपणीच्या जबरदस्तीचा परिणाम असल्यासारखं चित्रपट सुचवतो, असं अनेकांना वाटतं. मला ही टीका अर्धी पटते. तालमीचे प्रसंग त्या अर्थाला वाव देतात. पण लेस्ली च्युंग यांनी उभा केलेला प्रौढ दिएयी केवळ बळी नाही. आपल्या कलेवर आणि आपल्या प्रेमावर तो हट्टाने ठाम राहतो, आणि तडजोडी करत जगणारा श्याओलौ त्याच्यासमोर खुजा दिसतो. १९९३ मध्ये जन्मही न झालेले प्रेक्षक याविषयी आता वेगळं मत देऊ शकतील, आणि त्या वादासाठी त्यांच्यापुढे १७१ मिनिटं असतील, १५७ नव्हेत.