'गुलामगिरी'तील पात्रे : बळीराजा, म्हसोबा आणि इतर

महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. चळवळीत या पुस्तकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, जयंतीच्या भाषणांत ते आदराने घेतलेही जाते. परंतु पुस्तक हातात घेऊन वाचणारे थोडे. वाचायला बसलेला विद्यार्थी बहुधा सहाव्या भागापाशी अडतो. तेथे बळीराजा भेटतो, खंडोबा भेटतो, म्हसोबा आणि भैरोबा भेटतात, आणि हे कोणीही देव नसून एका राज्याचे राजा व अंमलदार असतात. विद्यार्थी विचारतो, "सर, हे खरं आहे का?" प्रश्न रास्त आहे. 'हो' किंवा 'नाही' एवढे उत्तर त्याला पुरत नाही. या कथेतली माणसे आधी नीट ओळखून घ्यावी लागतात.

पुस्तक संवादरूप आहे. त्याचे सोळा भाग आहेत. धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरे देतात. धोंडिबा हा कथा-कीर्तने ऐकत वाढलेला, पुराणे कानावरून गेलेला माणूस आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखाच. त्याच्या डोक्यात शिरलेली पुराणकथा बाहेर काढल्याखेरीज त्याची गुलामी सुटणार नाही, हे फुल्यांनी ओळखले होते. अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना त्यांनी हे पुस्तक अर्पण केले. गुलामाच्या पायातली बेडी दिसते. मनातली बेडी गोष्टीच्या रूपाने बसलेली असते. म्हणून त्यांनी गोष्टीलाच हात घातला.

आता पात्रे पाहू. पुराणांतले दशावतार येथे परकीय टोळ्यांचे पुढारी होऊन येतात. मत्स्य आणि कच्छ हे समुद्रमार्गे होड्यांतून आलेल्या टोळ्यांचे नायक. वराह, नृसिंह, वामन आणि परशुराम हे त्यांच्या मागचे. समोरच्या बाजूला शंखासुर, हिरण्याक्ष, हिरण्यकशिपू, प्रल्हाद, विरोचन, बळी आणि बाणासुर. पुराणाने ज्यांना दैत्य म्हटले ते येथे या भूमीचे मूळ राजे ठरतात. ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण जन्मले या कथेची फुले पहिल्याच भागात उलटतपासणी घेतात. इंग्रज, फ्रेंच वगैरे लोक ब्रह्मदेवाच्या कोणत्या अवयवातून झाले, याचा पत्ता मनूच्या ग्रंथात का नाही, असा साधा प्रश्न तेथे येतो. या प्रश्नाला शास्त्रीपंडितांजवळ उत्तर नव्हते.

चमत्कार वजा करून कथा पुन्हा सांगायची, ही फुल्यांची रीत. आपल्या परभणी जिल्ह्यात पोखर्णी येथे नृसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. खांब फोडून देव प्रकटला आणि त्याने भक्त प्रल्हादासाठी त्याच्या दुष्ट बापाला फाडले, ही कथा आपल्याकडच्या पोराबाळांना पाठ असते. फुल्यांच्या पुस्तकात खांब फुटत नाही. नृसिंह सिंहाचे सोंग घेतो, खांबाआड लपून बसतो आणि राजा गाफील असताना त्याचा घात करतो. प्रसंग तोच, माणसे तीच. फक्त पाहणाऱ्याने आपली जागा बदलली, आणि भक्तरक्षणाची लीला बेसावध राजाचा खून ठरली. भक्तांच्या श्रद्धेची टवाळी करण्यासाठी मी हे सांगत नाही. कथा सांगणारा कोणत्या बाजूला उभा आहे यावर देव कोण आणि राक्षस कोण हे ठरते, एवढेच दाखवायचे आहे.

मुख्य पात्र बळीराजा. पुराणातला बळी दानशूर आहे, पण अखेर तो पाताळात गाडला जातो, आणि हे गाडणे देवाची कृपा म्हणून सांगितले जाते. फुले येथे खेडुताच्या व्यवहारज्ञानाने विचारतात : वामनाने एका पावलात सारी पृथ्वी व्यापली तर त्या पावलाखाली गावे चिरडली नाहीत काय? दुसरे पाऊल आकाशात गेले तेव्हा तारे एकमेकांवर आदळले नाहीत काय? अशा प्रश्नांनी वामनाचे विराट रूप गळून पडते आणि उरते ती एक स्वारी. तीत बळीराजा लढता लढता मारला जातो.

मला अधिक महत्त्वाची वाटतात ती दुय्यम पात्रे. बळीने महाराष्ट्राची नऊ खंडे केली. खंडाच्या अधिकाऱ्याला खंडोबा म्हणत. महसुलाच्या कामावरचा अधिकारी तो महासुभा, त्याचाच पुढे म्हसोबा झाला. कुणबी शेताच्या कडेला धोंडा उभा करून त्याला शेंदूर फासतो, ती त्या अधिकाऱ्याची आठवण. जोतिबा, भैरोबा, नऊ खंडांचा न्यायी हेही त्याच राज्यकारभारातले. गावगाड्यात या देवांचे स्थान कोठे असते ते आपण जाणतो. म्हसोबा बांधावर, भैरोबा वेशीजवळ. संस्कृत मंत्रांचे देव गावात मोठ्या देवळात, आणि हे उन्हापावसात उघड्यावर. पुराणांच्या उतरंडीत ते किरकोळ. फुल्यांनी या किरकोळांना हाताला धरून वर आणले. त्यांना चमत्कार दिले नाहीत, कामे दिली : जमिनीचा महसूल, मुलखाचा बंदोबस्त, न्याय. पुस्तक निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ साली, पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. १८८३ साली फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सारा, सावकार आणि कागदपत्रे लिहिणारा कुलकर्णी यांच्या कचाट्यात सापडलेल्या कुणब्याला म्हसोबा हा प्रामाणिक महसूल अंमलदार होता असे सांगणे, म्हणजे समोरच्या कचेरीवर केलेली टीकाच होय.

सणांची मांडणीही त्यांनी अशीच उलटी लावली. पितृपक्ष, घट बसविणे, दसऱ्याचे शिलंगण, भाऊबीज हे सारे त्यांच्या लेखी बळीच्या युद्धाचे आणि त्याच्या शोकाचे दिवस. बळीचे राज्य पुन्हा येवो असे आपल्या आयाबहिणी ओवाळताना म्हणतात, ते शब्द कोणत्याही पोथीत शोधावे लागत नाहीत. फुल्यांनी पुरावा म्हणून पोथीऐवजी ही बायकांची वाणी पुढे ठेवली.

आठव्या भागात परशुराम येतो आणि आपला संबंध थेट जोडला जातो. परशुरामाशी सर्वांत चिवटपणे लढले ते 'महाअरी', म्हणजे मोठे शत्रू. त्यावरून महार, असे फुले म्हणतात. महार-मांगांवरची अस्पृश्यता ही त्या लढाईचा सूड म्हणून लादली गेली. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून जे सांगितले जात होते, ते पराभूत योद्ध्यावर लादलेली शिक्षा ठरते. लाजेच्या जागी ताठ मान येते. याच भागात चिरंजीव समजल्या जाणाऱ्या परशुरामाला फुल्यांनी १ ऑगस्ट १८७२ या तारखेची जाहीर नोटीस दिली : अमर असशील तर सहा महिन्यांत हजर हो. मुदत संपली, कोणी आले नाही. यापेक्षा स्वस्त आणि सोपा प्रयोग कोणता असेल?

मग हे खरे आहे काय? इतिहास म्हणून नाही. बळीच्या राज्याचा लेख वा नाणे कोठे सापडलेले नाही. शब्दांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. बाहेरून आलेल्या आर्यांची कल्पना फुल्यांनी त्या काळच्या युरोपीय पंडितांकडून घेतली आणि तिचा अर्थ उलटवला. गवताळ मैदानांतील लोक इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात उपखंडात आले असे आजचे जनुकीय संशोधन सांगते. पण त्यावरून वामनाची स्वारी सिद्ध होत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्र मूळचे कोण या विषयावरील आपला ग्रंथ फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. गुरू मानायचे आणि गुरूचा सिद्धांत पुराव्यावर तपासायचा, हा धडा आपण त्यांच्याकडून घ्यावा. जात ही रक्तात असते असे मानले, तर जात नष्ट करण्याची भाषाच उरत नाही.

या पुराणात आणखी एक उणीव आहे. बळीची राणी विंध्यावली वाट पाहते, शोक करते, आणि कथेतून निघून जाते. १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या, सावित्रीबाईंना शिक्षिका करणाऱ्या माणसाच्या कथेत राणीला एखादे खंड सांभाळायला मिळाले नाही, हे नोंदवले पाहिजे.

असे असूनही हे पुस्तक शिकवले पाहिजे. पुराणाला प्रश्न विचारणारे प्रतिपुराण म्हणून ते वाचावे. एकलव्य आणि शंबूक यांच्याकडे दलित कवींनी नव्याने पाहिले, त्याची वाट येथूनच सुरू होते. १९८७ साली बाबासाहेबांचा हिंदू धर्मातील कोड्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध होताच महाराष्ट्रात वादळ उठले. तोही देवांना प्रश्न विचारल्यामुळेच. परंतु बळीची मूर्ती करून तिच्यापुढे नारळ फोडू लागलो, तर फुल्यांनी अंमलदार केलेल्या माणसांना आपण पुन्हा शेंदूर फासला असे होईल.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. विद्यार्थ्यांना आपापल्या गावातील देवांची यादी करायला सांगा. कोणता देव कोठे बसतो, त्याची पूजा कोण करतो, नैवेद्य कोणाला मिळतो, कोणाला बाहेर थांबावे लागते, आणि त्याची कथा कोण सांगतो, एवढे लिहून आणू द्या. ती यादी पुढ्यात ठेवून मग 'गुलामगिरी'चा सहावा भाग वर्गात वाचा. धोंडिबाचे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतील.