पॉप व्हिडिओतला स्थलांतरित

1984 साली 'जेनेसिस' या इंग्लिश बँडचं 'इलीगल एलियन' वाजत होतं. व्हिडिओत फिल कॉलिन्स आणि मंडळी मिशा लावून मेक्सिकन झाली आहेत, पासपोर्टसाठी ताटकळताहेत, उच्चारही मुद्दाम वेडेवाकडे. हेतू सहानुभूतीचा असेलही, पण आज तो व्हिडिओ सलग बघवत नाही. दोन दशकांनी, 2003 मध्ये, मेक्सिकोच्या 'मोलोटोव्ह'ने 'फ्रिहोलेरो'त सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या कार्टूनच्या रंगात रंगवून परतफेड केली.

या सगळ्या प्रवासात वारंवार भेटते ती एम.आय.ए., म्हणजे तमिळ वंशाची ब्रिटिश गायिका माया अरुलप्रगासम. जन्म लंडनचा, बालपण जाफन्यात, आणि श्रीलंकेतल्या युद्धामुळे निर्वासित म्हणून पुन्हा लंडन. अमेरिकेचा व्हिसा अडकला, त्या वैतागातून 2007 च्या 'काला' अल्बममधलं 'पेपर प्लेन्स' निघालं. काला हे तिच्या आईचं नाव. व्हिडिओत ती न्यूयॉर्कमध्ये गाडीवर खाणं विकते. पडद्यावर कुणी कुणाला मारत नाही; गोळ्यांचे आवाज आणि गल्ल्याची खणखण फक्त गाण्यात. स्थलांतरिताकडे बघताना लोकांच्या मनात जे येतं तेच तिने ध्रुपदात वाजवून दाखवलं. एमटीव्हीने नेमके ते गोळ्यांचे आवाज बदलले. आपल्याकडे हे गाणं पोचलं ते 'स्लमडॉग मिलियनेअर'मधून, आगगाडीवर फिरणाऱ्या दोन पोरांच्या दृश्यांवर. मुंबईच्या पोरांना ते इतकं चपखल बसलं की त्यातला व्हिसाचा राग कुणाच्या लक्षातच आला नाही.

मग एप्रिल 2010 मध्ये आला 'बॉर्न फ्री'. दिग्दर्शक रोमँ गाव्रास, लांबी नऊ मिनिटं. सैनिक घरांत घुसतात, लाल केसांच्या पोरांना वेचून बसमध्ये कोंबतात, वाळवंटात नेऊन मारतात. एका लहान मुलाच्या डोक्यात गोळी घालतात आणि कॅमेरा नजर वळवत नाही. श्रीलंकेतलं युद्ध वर्षभरापूर्वीच संपलं होतं; तमिळांचं काय झालं हे जगाने पाहावं म्हणून तिने गोऱ्या पोरांना त्यांच्या जागी उभं केलं. यूट्यूबने त्यावर निर्बंध घातले. युक्ती धारदार आहे, पण माझ्या मते शेवटच्या मिनिटांत रक्त बोलू लागतं आणि तमिळ माणूस बाजूलाच राहतो.

नोव्हेंबर 2015 मधला 'बॉर्डर्स' तिने स्वतःच दिग्दर्शित केला. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन मुलाचा फोटो नुकताच जगभर छापून आला होता. खचाखच भरलेल्या बोटी, काटेरी कुंपणावर चढणारे शेकडो पुरुष, आणि त्यांच्यात काळा चष्मा लावलेली ती. चौकटी देखण्या आहेत, जरा जास्तच. माणसं नक्षीसारखी मांडलेली दिसतात. गंमत म्हणजे तक्रार आली ती तिच्या टी-शर्टवरून. पॅरिस सेंट-जर्मेन या फुटबॉल क्लबची जर्सी तिने 'फ्लाय एमिरेट्स'चं 'फ्लाय पायरेट्स' करून घातली होती, आणि क्लबने रीतसर पत्र धाडलं.

या सगळ्यांत गवगवा सर्वांत कमी झाला तो 2013 च्या 'आइस एल हिएलो'चा. लॉस एंजेलिसचा 'ला सांता सेसिलिया' हा बँड, दिग्दर्शक अ‍ॅलेक्स रिव्हेरा. मोलकरीण, स्वयंपाकी, सकाळची घाई, मग इमिग्रेशन खात्याची धाड. रक्ताचा थेंब नाही. भूमिका करणाऱ्यांत खरोखर कागदपत्रांविना राहणारी माणसं होती. बँडमधल्या अकॉर्डियनवाल्याकडेही तेव्हा कागदपत्रं नव्हती. हाताला बेड्या पडतात तेव्हा ते नुसतं नाटक वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी ते उद्या खरंही होऊ शकलं असतं. पुढच्या वर्षी ग्रॅमी घेताना बँडने तो अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या 1 कोटी 10 लाखांहून अधिक लोकांना अर्पण केला.

'बॉर्न फ्री'वर आजही वाद होतात, ते ठीकच. पण या विषयावरचा एकच व्हिडिओ बघायचा असेल तर 'आइस एल हिएलो' बघा.