क्रीडा पानावरचं इंग्रजी, ऑफिसच्या टेबलावर

आजचा विषय आहे लिहिण्याचं इंग्रजी, तेही औपचारिक, वरच्या पातळीचं.

आधी माझीच फजिती सांगतो. मी मराठी माध्यमातला. परराज्यातली पहिली नोकरी. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं आणि साहेबांनी रिपोर्ट मागितला. मी लिहिलं, 'वॉटर केम इन गोडाऊन. सम बॉक्सेस गॉट वेट. बट वुई सेव्ह्ड मेनी बॉक्सेस.' व्याकरणाची मोठी चूक नव्हती, तरी कागद परत आला. साहेब म्हणाले, "हा रिपोर्ट आहे की फोनवरचं बोलणं?" त्या रात्री आम्ही आठ जण मालासाठी राबलो होतो, आणि कागदावर त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

अनेकांचं इथेच अडतं. बोलता येतं, मेल लिहिता येतो, पण रिपोर्ट म्हटलं की हात थांबतो. मला वाट सापडली ती वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानांवर. कारण साधं आहे. अग्रलेख वाचताना विषय आणि भाषा दोन्ही नवीन असतात. आदल्या रात्री पाहिलेल्या सामन्याची बातमी वाचताना विषय पाठ असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

उदाहरण सगळ्यांना आठवेल असं घेऊ. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाची अंतिम लढत. श्रीलंकेच्या ६ बाद २७४ धावा. सेहवाग शून्यावर, तेंडुलकर १८ वर बाद, भारत २ बाद ३१. मग गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावा, आणि १० चेंडू राखून विजय. आता या सामन्यावर बातमीच्या साच्यात मीच काही वाक्यं बेततो.

क्रियेचं नाम करा

आपण बोलताना म्हणू, 'सेहवाग अँड सचिन गॉट आउट अर्ली, बट इंडिया वन.' बातमीदार लिहील, 'डिस्पाइट द अर्ली लॉस ऑफ बोथ ओपनर्स, इंडिया रीच्ड द टार्गेट विथ टेन बॉल्स टु स्पेअर.'

'गॉट आउट' या क्रियेचं 'लॉस' हे नाम झालं, आणि 'बट'ची जागा 'डिस्पाइट'ने घेतली. ही युक्ती आपल्याला नवी नाही. घरात आपण म्हणतो 'पाणी आलं नाही', नगरपालिकेच्या नोटिशीत येतं 'पाणीपुरवठा खंडित झाला'. औपचारिक मराठीही हेच करते. फक्त 'डिस्पाइट'नंतर 'ऑफ' लावू नका. तो 'इन स्पाइट'नंतर येतो. आणि 'डिस्पाइट'पुढे नाम येतं. पुढे पूर्ण वाक्य हवं असेल तर 'ऑलदो' वापरा.

कर्ता एकच ठेवा

'हॅविंग वन द टॉस, श्रीलंका चोज टु बॅट.' म्हणजे नाणेफेक जिंकून श्रीलंकेने फलंदाजी निवडली. आपलं 'जिंकून', 'करून', 'पाहून' इंग्रजीत असं उतरतं. पण मराठीत 'घरी येऊन बघतो तर वीज गेलेली' चालतं, इंग्रजीत दोन्ही भागांचा कर्ता एकच लागतो. 'हॅविंग वन द टॉस, द पिच लुक्ड गुड' असं लिहिलंत तर नाणेफेक खेळपट्टीने जिंकली असा अर्थ होतो! ऑफिसात 'हॅविंग चेक्ड द बिल, द अमाउंट वॉज राँग' ही तीच चूक. बिल रकमेने तपासलं नव्हतं.

शब्दाचं माप ओळखा

'बीट' म्हणजे हरवलं, एवढंच. 'एज्ड पास्ट' म्हणजे जेमतेम हरवलं. 'थ्रॅश्ड' म्हणजे धुव्वा उडवला. 'स्लम्प्ड टु ३१ फॉर २' म्हणजे डाव घसरला. आता व्यापाराचं पान उघडा. नफा थोडा वाढला की 'एज्ड अप', विक्री कोसळली की 'स्लम्प्ड'. शब्द तेच आहेत. नुसतं 'इन्क्रीज्ड व्हेरी मच' लिहिण्यापेक्षा नेमकं क्रियापद वापरलं की वाक्य आपोआप भारदस्त होतं.

कोण काय म्हणालं

सामन्यानंतर कर्णधार बोलतो. बातमीदार प्रत्येक वेळी 'सेड' लिहीत नाही. 'इन्सिस्टेड' म्हणजे ठामपणे सांगितलं. 'कन्सीडेड' म्हणजे नाइलाजाने मान्य केलं; फुटबॉलमध्ये गोल खाल्ला तरी हेच क्रियापद येतं. 'क्लेम्ड' म्हणजे दावा केला, आणि त्यात लिहिणाऱ्याची थोडी शंका डोकावते. म्हणून ग्राहकाला पाठवायच्या पत्रात 'यू क्लेम्ड' लिहिताना दहादा विचार करा. त्याला वाटेल, आपल्याला खोटं ठरवलं. तिथे 'यू स्टेटेड' किंवा 'यू मेन्शन्ड' बरं.

इथे काळाकडेही बघा. मराठीत 'तो म्हणाला की मी येतो' असं आपण त्याचे शब्द तसेच ठेवतो. इंग्रजी बातमीत 'ही सेड ही वुड कम' होतं. बैठकीचा वृत्तान्त लिहिताना हाच नियम लागतो.

काय उचलू नये

मथळे उचलू नका. मथळ्यात 'अ' आणि 'द' गाळतात आणि घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात. ते पत्रात शोभत नाही. दुसरं, क्रीडा बातमीत 'इंडिया आर' असं अनेकवचन दिसेल, कारण तिथे इंडिया म्हणजे अकरा खेळाडू. आपल्या पत्रात मात्र 'द कंपनी इज' असंच लिहा. आणि 'थ्रॅश्ड'सारखे मैदानी शब्द मैदानावरच राहू द्या. प्रतिस्पर्ध्याला आपण 'थ्रॅश' केलं असं वार्षिक अहवालात कुणी लिहीत नाही.

रोजची पंधरा मिनिटं

सामना पाहा. सकाळी बातमी वाचण्याआधी स्वतः पाच वाक्यं लिहा. हा टप्पा गाळू नका, कारण आपली उणीव इथेच कळते. मग बातमी वाचा. द हिंदूचं क्रीडा पान किंवा स्पोर्टस्टार दोन्ही चालतील. तुमची वाक्यं आणि त्यांची वाक्यं शेजारी ठेवा, फरक असलेली दोन निवडा आणि त्याच साच्यात तुमच्या कामाचं एकेक वाक्य बसवा. क्रिकेट आवडत नसेल तर कबड्डी, बॅडमिंटन, बुद्धिबळ घ्या. सामना तुम्ही पाहिलेला असला म्हणजे झालं.

माझा तो रिपोर्ट मी आज असा लिहीन, 'डिस्पाइट द फ्लडिंग ऑफ द वेअरहाउस, अ टीम ऑफ एट वर्किंग थ्रू द नाइट सेव्ह्ड मोस्ट ऑफ द स्टॉक.' एकच वाक्य आहे, पण पूर आहे, रात्र आहे, आठ माणसं आहेत आणि त्यांचं कामही आहे. औपचारिक इंग्रजी रुबाबासाठी शिकायचं नाही. आपण केलेलं काम समोरच्याला कागदावर दिसावं, यासाठी शिकायचं.

पुढचा सामना कधी आहे ते बघा आणि वही जवळ ठेवा. भेटू पुढच्या भागात.