पडद्यावरची खरीखुरी आई

लग्नाचा दिवस. पोटात बाळ. आणि जर्मन सैनिक होणाऱ्या नवऱ्याला ट्रकमध्ये कोंबून घेऊन चाललेत. त्याला हाका मारत ती ट्रकमागे धावत सुटते... गोळ्या सुटतात आणि भर रस्त्यात ती कोसळते. १९४५च्या ‘रोम, ओपन सिटी’ या इटालियन चित्रपटातला हा प्रसंग. त्यामागची घटना खरी होती. मार्च १९४४ मध्ये तेरेसा गुलाचे ही पाच मुलांची गरोदर आई रोममध्ये, पकडलेल्या नवऱ्याजवळ जाऊ पाहताना अशीच मारली गेली होती. पडद्यावर ती जिवंत केली आना मान्यानीनं.

आना काही चारचौघींत उठून दिसणारी नव्हती. विस्कटलेले केस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खळखळून हसणं. १९०८ मध्ये रोममध्ये जन्मली. वडिलांचा पत्ता नाही, आई इजिप्तला निघून गेली, वाढवलं आजीनं. नाटकं, गाणी, सिनेमातली बारीकसारीक कामं करत राहिली. खरं नाव झालं तेव्हा वय होतं सदतीस!

१९४२ मध्ये तिला मुलगा झाला. त्याच्या वडिलांची साथ टिकली नाही. लेकाला तिनं स्वतःचं आडनाव दिलं. लहानपणीच त्याला पोलिओ झाला. त्या दुखण्याचा घोर उरात घेऊन ती कॅमेऱ्यासमोर उभी राहत होती.

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सनं ‘द रोझ टॅटू’ लिहिलं ते तिलाच डोळ्यांसमोर ठेवून. इंग्रजी कच्चं म्हणून तिनं नाटक नाकारलं. पण १९५५ मध्ये त्याचा चित्रपट केला आणि ऑस्करही मिळवलं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन स्त्री.

मला मात्र ती सगळ्यांत जवळची वाटते १९५१च्या ‘बेलिसिमा’मध्ये. घरोघर इंजेक्शनं देत फिरणारी आई, पै पै साठवून चिमुरडीला सिनेमात धाडू पाहते. चाचणीत पोर रडते आणि सिनेमावाली मंडळी खो-खो हसतात. आई ते लपून बघते. पुढे पोरीची निवड होते, करार घेऊन माणसं दारात येतात, तेव्हा ही चक्क नाही म्हणते!

१९७३ मध्ये आना गेली. तिला निरोप द्यायला रोम लोटलं होतं. मैत्रिणींनो, आपल्या लेकरांना स्पर्धेच्या स्टेजवर चढवताना त्या आईचं ते ‘नाही’ एकदा आठवून बघा.