मुंबई–कोलकाता: जाताना लवकर, येताना उशीर का?

परवा कोलकात्याच्या दमदम विमानतळावर उतरल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "इकडे येताना परतीपेक्षा कमी वेळ कसा हो लागतो?" विमानवेड्याला एवढं निमित्त पुरे!

मुंबई ते कोलकाता सरळ हवाई अंतर साधारण १६६० किमी. नागपूरमार्गे हावड्याला जाणारी रेल्वे मात्र १९६८ किमी धावते.

प्रवासी विमान ताशी साधारण ८५० किमीने जातं. म्हणजे दोन तास पुरायला हवेत. पण तिकिटावर पावणेतीन तासांच्या आसपास वेळ दिसतो, कारण तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो. रनवेपर्यंतची रांग, चढण, उतरण सगळं त्यात. (मुंबईची रांग तर विचारूच नका.)

आता काकूंचा प्रश्न. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. कोलकात्याला जाताना ते पाठीशी, परतताना समोरून. पावसाळ्यात वरचे वारे बदलतात, मग हा फरक कमी होतो, कधी उलटाही.

जाताना शक्यतो डावीकडची खिडकी घ्या. ढग नसतील तर विदर्भ छान दिसतो.

आणखी काही शंका असतील तर बिनधास्त विचारा.